बोरघाटाच्या पायथ्याशी युद्धांचा जमाखर्च

कर्जत, प्रतिनिधी : कर्जत रेल्वे स्थानकालगतच्या भिसेगावात घाट चढणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांचा आवाज रात्रंदिवस ऐकू येतो. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी येथे थांबते, तिला मागून जादा इंजिने जोडली जातात आणि मग ती खंडाळ्याच्या दिशेने चढू लागते. एका बाजूला खोपोली, दुसऱ्या बाजूला भिवपुरी ही जुनी वीजनिर्मिती केंद्रे. तेथून निघालेल्या विजेच्या तारा शेतांवरून, टेकड्यांवरून मुंबईकडे गेल्या आहेत. घाटाचा जुना रस्ता, लोहमार्ग आणि विजेचे मनोरे हे या परिसरातील रहिवाशांच्या नित्य परिचयाचे. मात्र या तिन्हींचा इतिहास युद्धांच्या इतिहासाशी जोडलेला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

युद्ध म्हटले की सेनापती, तहाच्या तारखा आणि जयपराजय डोळ्यांसमोर येतात. युद्धाचा खर्च कोणी केला, तो कशाच्या अपेक्षेने केला आणि युद्ध संपल्यावर हाती काय उरले, हे प्रश्न मागे पडतात. कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या भूमीवर हे प्रश्न विचारले, तर अठराव्या शतकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत एकच सूत्र पुन:पुन्हा दिसते. युद्धाचा लाभ घाट उतरून बंदराकडे गेला आणि त्याची किंमत घाटात व घाटाच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांनी मोजली.

साष्टीसाठी मांडलेला डाव

पहिले इंग्रज-मराठा युद्ध (१७७५ ते १७८२) हे रघुनाथरावांच्या पेशवेपदाच्या आकांक्षेतून उद्भवले, असे शालेय इतिहासात आपण वाचतो. ते खरेच आहे; पण अर्धेच. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील कारभाऱ्यांना या गृहकलहात रस का होता, याचे उत्तर मुंबई बेटाच्या हिशेबवहीत सापडते. मुंबईचा खर्च तेथील उत्पन्नात भागत नव्हता. त्यासाठी बंगालकडे हात पसरावा लागे. बेटावर पुरेसे धान्य पिकत नव्हते. शेजारचे साष्टी बेट आणि वसईचा मुलूख चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर १७३९ पासून मराठ्यांकडे होता. धान्य, इमारती लाकूड, जकात आणि बंदराची सुरक्षितता या साऱ्यांसाठी कंपनीला तो हवा होता.

म्हणूनच डिसेंबर १७७४ मध्ये, रघुनाथरावांशी करार होण्यापूर्वीच, कंपनीने ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी, वसई आणि सुरत व भडोचच्या उत्पन्नातील वाटा देऊ केला. त्याच्या बदल्यात कंपनीने फौज द्यायची आणि फौजेचा खर्चही रघुनाथरावांनीच सोसायचा, असे ठरले. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने हे युद्ध दुसऱ्याच्या पैशाने करावयाचा व्यवहार होता.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघालेली सुमारे चार हजारांची फौज पनवेलला उतरून बोरघाटाच्या वाटेने वर चढली. तिच्यासोबत सामान वाहणारे सुमारे १९ हजार बैल होते. एवढ्या लवाजम्याला घेऊन ती दिवसाकाठी जेमतेम काही मैल सरकत होती. मराठ्यांनी वाटेवरचा दाणागोटा नष्ट केला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठी बखरींनी आणि लोकपरंपरेने त्याची ‘इष्टुर फाकडा’ म्हणून आठवण ठेवली आहे. तळेगावला पोहोचलेल्या फौजेला माघारी फिरावे लागले आणि वडगाव येथे नामुष्कीचा करार करावा लागला. १७८१ मध्ये जनरल गॉडार्ड पुन्हा बोरघाटात आला. त्याची छावणी खोपोलीला होती. पनवेलकडे परततानाच्या लढाईत त्याची चारशेहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली.

रणांगणावर कंपनीची अशी दोनदा फजिती झाली. तरीही १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कंपनीकडेच राहिली. वसई परत गेली. परंतु पोर्तुगीजांखेरीज इतर युरोपीय राष्ट्रांना मराठी मुलखात वखारी घालू देणार नाही, असे आश्वासन कंपनीने पदरात पाडून घेतले. ज्यांच्या नावाने युद्ध झाले त्या रघुनाथरावांना दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक मिळाली आणि ते राजकारणातून बाजूला झाले. लढाई कोणी जिंकली आणि तहात काय कमावले, ही दोन उत्तरे वेगवेगळी असू शकतात, याचा हा उत्तम नमुना.

मँचेस्टरची गरज आणि घाटातील मजूर

१८१८ मध्ये पेशवाई संपली. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटात चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. त्यापूर्वी देशावरचा माल प्रामुख्याने बैलांच्या पाठीवर लादून खाली उतरत असे. रस्त्याने तोफा वर जाऊ लागल्या, तसाच कापूस खाली येऊ लागला. पुढे लोहमार्गाच्या बाबतीतही लष्कर आणि व्यापार ही दोन्ही कारणे एकत्रच मांडली गेली.

इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर अवलंबून होत्या. १८४० च्या दशकात तेथील पीक घटले तेव्हा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना दुसऱ्या पुरवठादाराची निकड जाणवली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीमागे जॉन चॅपमन यांच्यासारखे जे प्रवर्तक होते, त्यांनी कापूस हाच मुख्य मुद्दा केला होता. गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्या १८५३ च्या प्रसिद्ध टिपणातही फौजेची जलद हालचाल आणि कापसाची निर्यात हे दोन्ही हेतू नमूद आहेत. या रेल्वेच्या भागधारकांना १८४९ च्या कराराने पाच टक्के परताव्याची हमी मिळाली होती. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजेच येथील रयतेच्या करातून भरून द्यायची होती. लंडनच्या भागधारकाला जोखीम नव्हती.

१८५६ मध्ये लोहमार्ग पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचला आणि त्याच वर्षी घाटातील काम सुरू झाले. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि दऱ्यांवरील उंच पूल असे हे काम होते. १८६१ मध्ये एका टप्प्यावर सुमारे ४२ हजार मजूर घाटात राबत होते. मजुरी थकल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये त्यांनी उठाव केला आणि फॅव्हिएल या मक्तेदाराला त्याच वर्षी काम सोडावे लागले. त्याच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने वारले. पुढे त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी अभियंत्यांच्या साह्याने मक्ता पूर्ण केला. मक्तेदार आणि अभियंत्यांची नावे कागदोपत्री राहिली. पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांत गेलेल्या मजुरांची नावे मात्र कोठे नाहीत. त्यांचा आकडा हजारोंत होता. काही अभ्यासकांचा अंदाज २५ हजारांपर्यंत जातो.

अमेरिकेत युद्ध, मुंबईत सट्टा

घाटाचे काम चालू असतानाच, एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्या युद्धाच्या मुळाशी गुलामगिरी होती. सुमारे ४० लाख गुलामांच्या श्रमावर दक्षिणेकडील राज्यांची कापसाची शेती उभी होती. आपल्या कापसावाचून ब्रिटनचे चालणार नाही, सबब तो आपल्याला मान्यता देईलच, असा दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा हिशेब होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या खरोखरच ओस पडू लागल्या. तरीही ब्रिटन तटस्थ राहिला. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु हिंदुस्थान आणि इजिप्त येथून कापूस मिळू शकतो, हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण होते.

याच सुमारास, १८६३ च्या वसंतात, बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. सोलापूरपर्यंतचा मार्ग १८६० मध्येच पूर्ण झाला होता. आता देशावरचा कापूस अखंड रेल्वेने मुंबई बंदरात येऊ लागला. भाव तीन-चार पटींनी चढले. युद्धाच्या काळात मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा सात-आठ कोटी पौंड अधिक मिळाले, असा अंदाज त्या काळी करण्यात आला होता. या पैशाला वाट फुटेना, तेव्हा तो कंपन्यांच्या भागांत शिरला. जानेवारी १८६५ पर्यंत शहरात ३१ बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या आठ कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. पाच हजार रुपयांच्या ‘बॅक बे’ कंपनीच्या भागाला ५० हजारांच्या घरात भाव आला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे सूत्रधार मानले जात.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ती वार्ता मुंबईत येताच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस मुंबईच्या इतिहासात दिवाळखोरीचा दिवस म्हणून नोंदला गेला. पुढे १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. तरीही शहराकडे काही शिल्लक राहिले. समुद्र हटवून मिळवलेली जमीन, नव्या इमारती, गिरण्यांसाठी लागणारा अनुभव आणि भांडवल हे सारे त्यातलेच. प्रेमचंद यांच्या आधीच्या देणगीतून विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला.

शेतकऱ्याकडे काय राहिले? तेजीच्या काळात जमिनीला पत आली, सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले आणि पुढे नव्या जमाबंदीत साराही वाढला. भाव पडले, कर्ज आणि सारा पडला नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. सरकारी चौकशी आयोगाने कापसाच्या तेजीतील कर्जवाटप आणि त्यानंतरची मंदी यांचा कारणांमध्ये विचार केला. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा त्याचाच परिणाम. अमेरिकेतील युद्ध संपून दहा वर्षे लोटल्यावर त्याचा हिशेब भीमथडीच्या गावांत चुकता होत होता.

महायुद्धाचा नफा आणि मावळातील पाणी

विसाव्या शतकात घाटातून कापसाबरोबर आणखी एक गोष्ट मुंबईकडे जाऊ लागली. ती म्हणजे वीज. टाटा जलविद्युत कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी नळांतून खाली खोपोलीला आणून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यास सुरुवात झाली. तेव्हा पहिले महायुद्ध सुरू होऊन काही महिनेच झाले होते.

हे युद्ध मुंबईच्या गिरण्यांना फळले. जहाजांच्या टंचाईमुळे विलायती कापड येईनासे झाले आणि सैन्याकडून मागणी वाढली. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनच्या युद्धखर्चासाठी १० कोटी पौंडांचा भार उचलला. त्याच वेळी विलायती कापडावरील आयात जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर नेण्यास परवानगी मिळाली. लँकेशायरने आरडाओरड केली. पण युद्धाची निकड मोठी ठरली. जी सवलत शांततेच्या काळात अर्ज-विनंत्यांनी मिळाली नव्हती, ती युद्धाच्या सौद्यात मिळाली. गिरणीमालकांचे नफे वाढले. कामगारांच्या वाट्याला महागाई आली. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले.

रेल्वेची स्थिती वेगळीच झाली. रूळ, डबे आणि इंजिने मेसोपोटेमियासारख्या आघाड्यांवर पाठविण्यात आली. येथील मार्गांची दुरुस्ती रखडली. युद्धानंतर अ‍ॅकवर्थ समितीने रेल्वेच्या या दुरवस्थेवर बोट ठेवले आणि १९२५ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सरकारच्या व्यवस्थापनाखाली आली.

कोळशाच्या टंचाईने गिरण्यांना विजेचे महत्त्व पटले होते आणि हाती भांडवलही होते. आंध्रा व्हॅली योजनेचे भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. मुळशीच्या धरणासाठी १९१९ मध्ये आणखी एक कंपनी स्थापन झाली. भातशेतीची पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. ज्यांच्याकडे जमिनी गहाण होत्या अशा अनेक पुणेकर सावकारांना रोख मोबदला सोयीचा वाटला. कसणाऱ्या मावळ्यांना तो नको होता. १९२४ पर्यंत सत्याग्रह ओसरला आणि १९२७ मध्ये भिरा केंद्रातून वीज वाहू लागली. धरणामुळे मुंबईची भरभराट झाली, यात संशय नाही. परंतु ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी वीज यायला पुढे कित्येक दशके लागली, हेही तितकेच खरे.

सिद्धगडाची पहाट

दुसऱ्या महायुद्धात कर्जत परिसराचे आणि युद्धाच्या अर्थकारणाचे नाते थेट उघड झाले. मुंबईच्या गिरण्या सैन्यासाठी कापड विणत होत्या. त्या गिरण्या आणि घाटातील विद्युत रेल्वे खोपोली, भिवपुरी, भिरा येथील विजेवर चालत होती.

माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी हे नेमके हेरले. ते नाभिक समाजातून आलेले. पावसाळ्यात घरातील भात संपले की येथील शेतकरी आणि आदिवासी सावकाराकडून सवाई-दिडीने भात घेत आणि सुगीला पीक त्याच्या खळ्यात ओतत. त्यातून सुटका व्हावी म्हणून कोतवालांनी धान्यकोठ्या सुरू केल्या होत्या. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात त्यांनी भूमिगत होऊन ‘आझाद दस्ता’ उभारला. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात या दस्त्याने उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचे अकरा मनोरे पाडल्याचे सांगितले जाते. सरकारने त्यांच्यावर इनाम लावले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. त्या चकमकीत भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील यांना हौतात्म्य आले. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर लोक अभिवादनासाठी जमतात.

या बलिदानाची स्मृती देशभक्तीच्या अंगाने जपली जाते, आणि ते योग्यच आहे. त्याबरोबर कोतवालांच्या आर्थिक समजेचीही नोंद घ्यायला हवी. धान्यकोठी आणि मनोरा ही दोन टोके त्यांच्या दृष्टीने एकाच व्यवस्थेची होती. भाताचे कर्ज फेडणारा शेतकरी आणि त्याच्या शेतावरून मुंबईकडे जाणारी वीज यांचे नाते त्यांना दिसले होते.

त्या युद्धाचा राष्ट्रीय हिशेबही असाच आहे. ब्रिटनने हिंदुस्थानात केलेल्या युद्धखर्चाचा मोठा भाग लंडनच्या खात्यावर येणे म्हणून लिहिला गेला. येथे त्यापोटी नोटा छापण्यात आल्या. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. १९४५ मध्ये त्या अकराशे कोटींच्या पुढे गेल्या. १९४३ च्या मध्यापर्यंत कापडाच्या किमती इतक्या वाढल्या, की जूनमध्ये नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. युद्धाअखेर ब्रिटन भारताचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होता. भारताचे जुने विलायती कर्ज फिटले, ही जमेची बाजू. खर्चाची बाजू महागाईच्या रूपाने ज्यांनी आधीच भरली होती, त्यांना मात्र त्यातले काही परत मिळाले नाही.

सूत्र कोणते?

केवळ पैशासाठी युद्धे होतात, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. रघुनाथरावांची महत्त्वाकांक्षा, अमेरिकेतील गुलामगिरीचा प्रश्न, हिटलरचा वंशवाद ही स्वतंत्र कारणे होती. आर्थिक हितसंबंध नेहमीच युद्ध पेटवतात असे नाही. मात्र कोणत्या वाटेने फौज जाईल, कोणाला मान्यता मिळेल, तहात कोणते कलम राहील आणि युद्धानंतर रस्ता, रेल्वे, धरण कोठे होईल, हे ठरविण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या नुकसानभरपाईबद्दल अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९१९ मध्येच इशारा दिला होता. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाल्यानंतर तेथील तेलाच्या उत्पन्नाची व्यवस्था आणि पुनर्बांधणीचे मक्ते यांवरून जगभर वाद झाला. नावे बदलतात, प्रश्न तेच राहतात.

ते प्रश्न साधे आहेत. युद्धाचा खर्च कोणाच्या नावावर पडला? हमी कोणाला मिळाली आणि जोखीम कोणाकडे गेली? तहानंतर जमीन, पाणी आणि वाट कोणाच्या ताब्यात राहिली? हे प्रश्न विचारण्यासाठी दूरदेशीच्या रणांगणावर जाण्याची गरज नाही. मुंबई-पुणे प्रवासात कर्जतला गाडी थांबते. मागे इंजिने जोडेपर्यंतच्या त्या काही मिनिटांत समोर घाटाची भिंत आणि डोंगराकडेने गेलेले मनोरे दिसतात. त्या बोगद्यांत गेलेल्या मजुरांची यादी कोणत्याही दप्तरात नाही. निदान ते होते, एवढे तरी प्रवाशाला ठाऊक असावे.